थंडीने अंगावर पित्त उठते? विहिरीत, नदीत उतरण्याआधी हे वाचा

मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीत गावी आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर विहिरीवर पोहायला गेला. बाहेर रणरणते ऊन. सूर मारला, दहाएक मिनिटे पोहला आणि पायऱ्यांवर येऊन बसला. "अंग खाजतंय रे," एवढेच म्हणाला. बघता बघता छाती, पाठ, मांड्या लाल गांधींनी भरून गेल्या, ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पायरीवरच कोसळला. मित्रांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ॲड्रेनालिनचे इंजेक्शन दिले म्हणून तो वाचला. पुढे तपासणीसाठी माझ्याकडे आला तेव्हा त्याची आई म्हणाली, "डॉक्टर, याला दोन वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. थंड दूध देते, आमसुलाचं पाणी अंगाला लावते, पण जातच नाही."

आईची काळजी खरी होती आणि उपाय मात्र नेमके उलटे होते. या मुलाला थंडीने उठणारे पित्त होते. वैद्यकीय भाषेत याला कोल्ड अर्टिकेरिया म्हणतात. आजार फार आढळणारा नाही, आणि बहुतेकांना त्यात खाज आणि चट्टे यापलीकडे काही होत नाही. पण काहींना सर्वांगाची तीव्र रिॲक्शन, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, येऊ शकते. ती कोणाला, कुठे आणि कशी येते हे आधी माहीत असेल तर बहुतेक वेळा टाळता येते.

पित्त एक, अर्थ दोन

आपल्याकडे 'पित्त' हा शब्द दोन वेगळ्या तक्रारींसाठी वापरला जातो. घशाशी आंबट येणे, छातीत जळजळ होणे हे आम्लपित्त. ते पोटातल्या आम्लाशी संबंधित आहे. अंगावर लाल, उंचवटलेल्या, खाजणाऱ्या गांधी उठतात ते दुसरे. त्याचा पोटातल्या आम्लाशी संबंध नाही. नाव एकच असल्यामुळे उपायही एकच केले जातात. पोट थंड करा, अंग थंड करा, थंड दूध प्या, ओला कपडा गुंडाळा. साध्या पित्तात गार पाण्याने खाज थोडी कमी वाटते हे खरे. पण ज्याला थंडीनेच गांधी उठतात त्याला गार पाणी लावणे म्हणजे आजाराचे कारणच त्वचेवर चोळणे झाले. आमसुलाने अपाय होत नाही, अपाय होतो तो त्या पाण्याच्या गारव्याने. काही घरांत पित्त उठले की घोंगडीत गुंडाळून बसवतात. या आजारापुरता विचार केला तर त्या आजीबाईंचे बरोबर आहे.

शरीरात काय होते?

आपल्या त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन आणि इतर रसायने साठवलेली असतात. या आजारात त्वचा गार झाली की या पेशी ती रसायने बाहेर सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि त्या जागी गांध उठते. हे काही मिनिटांत होते. बऱ्याचदा थंडी लागत असताना काहीच दिसत नाही आणि त्वचा पुन्हा गरम होऊ लागली की गांधी उठतात. म्हणून रुग्ण सांगतो, "पाण्यात असताना काही नव्हतं, बाहेर आल्यावर झालं." साधारणपणे तासा-दोन तासांत त्या विरतात, मागे डाग राहत नाही.

त्वचेचा थोडाच भाग गार झाला तर हिस्टामिनही थोडेच सुटते. सगळे अंग एकदम गार झाले तर ते एवढ्या प्रमाणात रक्तात मिसळते की रक्तदाब घसरतो, श्वासनलिका आकसतात, घसा सुजतो. म्हणजे हातावर बर्फ ठेवल्यावर उठणारी गांध आणि विहिरीत बेशुद्ध पडणे या एकाच आजाराच्या दोन टोकाच्या अवस्था आहेत. दोन्हींत मोठा फरक आहे तो किती त्वचा, किती वेळ आणि किती गार झाली याचा.

हा फक्त हिवाळ्याचा आजार नाही

थंडीचा आजार म्हटला की डिसेंबर-जानेवारी डोळ्यांपुढे येतो. त्या दिवसांत पहाटे दुचाकीवरून निघालेल्या माणसाचे गाल, कान आणि हाताची बोटे सुजतात, हे खरेच. पण पावसाळाही तेवढाच त्रासाचा. भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की पाणी वाळताना त्वचेतली उष्णता ओढून घेते आणि तापमापक पंचवीस अंश दाखवत असला तरी त्वचा त्याहून बरीच गार होते. घाम आलेल्या अंगाने एसीत शिरणे, अंघोळ करून ओल्या अंगाने पंख्याखाली उभे राहणे, यामागेही हेच गणित आहे. गरम पाण्याने अंघोळ करूनही पित्त उठते असे सांगणाऱ्या काही रुग्णांना खरे तर पाण्याने नाही, नंतरच्या गारव्याने त्रास होत असतो.

आइस्क्रीम, बर्फाचा गोळा, फ्रिजमधले पाणी किंवा थंडगार उसाचा रस घेतल्यावर ओठ, जीभ किंवा घसा सुजत असेल तर ती बाब हलक्यात घेऊ नका. हातावरच्या गांधीने जीव जात नाही, घशातल्या सुजेने जाऊ शकतो. ज्यांना एकदाही असे झाले आहे त्यांनी बर्फ घातलेले पदार्थ बंदच करावेत.

कामाची जागाही विचारात घ्या. बर्फातली मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, द्राक्षांच्या प्रीकूलिंगमध्ये किंवा शीतगृहात काम करणारे मजूर, दूध डेअरीतले कामगार, मांसाच्या दुकानातले कर्मचारी यांच्या हातांना रोजच सूज येते आणि "कामाचा भाग आहे" म्हणून ती सोडून दिली जाते. कापडी हातमोजे भिजले की उलट जास्त गारवा धरतात. आत सुती आणि वर रबरी असे दोन मोजे घातले तर फरक पडतो, पण ज्याला सर्वांगाची रिॲक्शन येऊन गेली आहे त्याने शीतगृहातले काम बदलून मागावे. त्यासाठी डॉक्टरांकडून लेखी दाखला घ्या.

पाणी सर्वांत धोक्याचे का?

गंभीर रिॲक्शनचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे गार पाण्यात पोहणे किंवा डुंबणे. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी वेगाने काढून घेते, आणि पाण्यात शिरताच जवळजवळ सगळी त्वचा एकाच वेळी गार होते. त्यात माणूस बेशुद्ध पडला तर नुसत्या रक्तदाबाचा प्रश्न राहत नाही, तो बुडतो. चांगला पोहणारा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात कसा बुडाला, याचे उत्तर अशा वेळी कोणालाच मिळत नाही.

आपल्याकडे हा धोका उन्हाळ्यात येतो हे लक्षात ठेवा. बाहेर तापलेले असते, म्हणून कोणी थंडीचा विचार करत नाही. विहिरीचे खोलवरचे पाणी, धरणाच्या खालच्या अंगाला सुटलेले पाणी, पावसाळ्यातला धबधबा, वॉटर पार्कमधला पहिला डोह, हिमालयातल्या सहलीत गंगेत किंवा बियासमध्ये मारलेली बुडी, सगळीकडे तेच. थंडीने गांधी उठतात असे ज्यांना माहीत आहे त्यांनी एकट्याने कधीही पाण्यात उतरू नये. पूर्वी चक्कर, दम लागणे, उलटी किंवा बेशुद्धी झाली असेल तर गार पाण्यात पोहणे पूर्ण बंद. "गोळी घेऊन जातो" हा तोडगा चालत नाही. गोळीने गांधी कमी होतात, पण बुडी मारल्यावर रिॲक्शन येणार नाही याची हमी मिळत नाही. ज्यांचा त्रास सौम्य आहे आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे त्यांनीही आधी हात काही मिनिटे पाण्यात धरून पाहावा, सूर न मारता पायऱ्यांनी हळूहळू उतरावे आणि खाज सुरू होताच बाहेर यावे. "अजून एक चक्कर मारतो" नाही. सोबतच्याला आजाराची माहिती हवी आणि त्याला पोहता यायला हवे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. शाळेची सहल, पोहण्याचा वर्ग, रंगपंचमीला गार पाण्याचे फुगे, या ठिकाणी आई-वडील जवळ नसतात. शिक्षकांना आणि प्रशिक्षकांना तोंडी नको, लिहून कळवा.

तुमचा त्रास कोणत्या पायरीवर आहे?

डॉक्टर साधारण तीन पायऱ्या मानतात. पहिलीत जिथे गारवा लागला तेवढ्याच जागी गांधी किंवा सूज. दुसरीत अंगभर गांधी, पण रक्तदाब ठीक. तिसरीत अंगभर गांधींबरोबर चक्कर, रक्तदाब कमी होणे, दम लागणे किंवा बेशुद्धी. पहिल्या पायरीवरचा माणूस पहिल्यांदाच मोठ्या पाण्यात उतरला तर थेट तिसरीवर जाऊ शकतो, म्हणून "मला आजवर फक्त हातालाच येतं" यावर फार विसंबू नका. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, बर्फाची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्के जणांना थंडीने ॲनाफिलॅक्सिस येऊन गेला होता. हे रुग्ण विशेष केंद्रांमध्ये आलेले होते, म्हणजे तुलनेने जास्त त्रासाचे. तरीही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

निदान : बर्फाचा एक खडा

या आजाराची मुख्य तपासणी अगदी स्वस्त आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा घालून तो हाताच्या आतल्या बाजूवर ५ मिनिटे ठेवतात, मग काढून १० मिनिटांनी पाहतात. त्या जागी उंच गांध उठली तर चाचणी पॉझिटिव्ह. नुसती लाली आली तर नाही. बर्फाने लाली कोणालाही येते. किती तापमानाला आणि किती वेळात गांध उठते हेही मोजता येते. थोड्याशा गारव्यानेही किंवा अगदी कमी वेळात गांध उठत असेल तर जास्त काळजी घ्यावी लागते.

चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या किमान ३ दिवस बंद असाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. गोळ्या बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. आणि ही चाचणी घरी करून पाहू नका. क्वचित का होईना, तिनेही सर्वांगाची रिॲक्शन येऊ शकते. बादलीभर बर्फात हात बुडवून पाहिला असे सांगणारे महाभागही भेटले आहेत.

शंभर-दोनशे पदार्थांचे महागडे 'ॲलर्जी पॅनेल' या आजारासाठी करून घेऊ नका. थंडी हा काही पदार्थ नाही, तो त्या यादीत सापडणार नाही. रक्ताची साधी तपासणी आणि सूज दाखवणाऱ्या एक-दोन चाचण्या बहुतेकांना पुरतात. ताप, वजन घटणे, सांधेदुखी, जांभळे डाग अशी इतर लक्षणे असतील तर क्रायोग्लोब्युलिन, हिपॅटायटिस यांसारख्या तपासण्या डॉक्टर सुचवतील. डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमध्ये गांधींचे फोटो काढून न्या; दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या विरलेल्या असतात.

चाचणी निगेटिव्ह आली तर? काहींना बर्फाने काही होत नाही, पण गार वाऱ्यात राहिल्यावर काही वेळाने पुरळ, ताप आणि सांधेदुखी येते. लहानपणापासून येते आणि घरात इतरांनाही असते. तो वेगळा, आनुवंशिक आजार आहे आणि त्याचे उपचारही वेगळे. व्यायामाने, घामाने किंवा गरम पाण्याने बारीक बारीक पुरळ उठणे हेही वेगळे. थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे वेगळे. गार हवेत नुसत्या शिंका येणे किंवा नाक गळणे म्हणजे हा आजार नव्हे.

उपचार

पहिले औषध म्हणजे झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या : लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, डेस्लोरॅटाडिन, बिलास्टिन यांपैकी एक. सुस्ती आणणाऱ्या जुन्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, विशेषतः गाडी चालवणाऱ्यांनी. त्रास वारंवार होत असेल तर गोळी रोज घ्यायची असते, गांधी उठल्यावर नव्हे. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात. हे पित्तावरच्या उपचारांत मान्य आहे, पण स्वतःच्या मनाने करायचे नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना तर नाहीच. एवढ्यानेही ताबा आला नाही तर ओमालिझुमॅब या इंजेक्शनचा अनेकांना चांगला उपयोग होतो. ते महाग आहे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेणे हा या आजारावरचा उपाय नाही.

"रोज गार पाण्याने अंघोळ कर, सवय होईल," हा सल्ला जवळजवळ प्रत्येक रुग्णाला कोणीतरी दिलेला असतो. त्वचेला हळूहळू गारव्याची सवय लावण्याची पद्धत आहे, पण ती रुग्णालयात, जवळ सगळी तयारी ठेवून सुरू करतात. पुढे रोज न चुकता चालू ठेवावी लागते. खंड पडला की सवय मोडते. स्वतःहून न्हाणीघरात दार लावून हा प्रयोग करू नका.

अचानक गंभीर रिॲक्शन आली तर

अंगभर गांधींबरोबर पुढीलपैकी काहीही दिसले तर ते ॲनाफिलॅक्सिस समजा : आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, जीभ सुजणे, धाप किंवा छातीत घरघर, उलट्या किंवा पोटात जोराच्या कळा, चक्कर, घाम फुटून गळून जाणे, बेशुद्धी. पाण्यात थंडी वाजते आहे की रिॲक्शन येते आहे असा प्रश्न पडला तरी आधी बाहेर या.

रुग्णाला पाण्याबाहेर काढून ओले कपडे उतरवा, अंग पुसा, कोरड्या चादरीत किंवा घोंगडीत गुंडाळा. आडवे झोपवून पाय उंच करा. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्या. बरे वाटले तरी लगेच उभे करू नका किंवा चालवू नका, त्याने रक्तदाब एकदम कोसळू शकतो. चहा, पाणी, गोळी तोंडातून देऊ नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिकेला उशीर लागणार असेल तर मिळेल त्या गाडीतून, आडवेच, जवळच्या रुग्णालयात न्या.

जीव वाचवणारे औषध एकच : ॲड्रेनालिन, मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. 'पित्ताचं इंजेक्शन' म्हणून दिली जाणारी ॲलर्जीची किंवा स्टिरॉइडची इंजेक्शने त्यानंतरची आहेत. ती रक्तदाब सावरू शकत नाहीत. दवाखान्यात पोहोचल्यावर "थंडीने ॲनाफिलॅक्सिस झाला आहे" हे शब्द स्पष्ट सांगा. नुसते "पित्त उठलंय" म्हणालात तर गंभीरपणा पोहोचणार नाही.

ज्यांना एकदा अशी रिॲक्शन आली आहे किंवा थंड पदार्थांनी घसा सुजला आहे त्यांनी ॲड्रेनालिन जवळ ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. परदेशात यासाठी तयार पेन मिळते. तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी पोहोचल्यावर तिथल्या डॉक्टरांकडून ते लिहून घ्यावे, कारण बर्फाच्या देशात त्याची गरज लवकर पडू शकते. भारतात हे पेन सहज मिळत नाही, महागही पडते. त्यामुळे अनेक डॉक्टर साधे अँप्यूल आणि सिरिंज देऊन घरच्यांना शिकवतात. एका १ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ मिलिग्रॅम औषध असते. प्रौढाला साधारण अर्धा मिली, मुलांना वजनाप्रमाणे. तुमच्यासाठीचा नेमका आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद औषधासोबतच ठेवा. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर दुसरा डोस द्यावा लागू शकतो. इंजेक्शनने बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच लागते, कारण काही तासांनी लक्षणे परतू शकतात.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही गोळी असताना ॲड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो. पण ती स्वतःहून बंद करू नका.

ऑपरेशन, दात, मुका मार

ऑपरेशन थिएटर गार असते, सलाइन खोलीच्या तापमानाचे असते आणि भूल दिलेला माणूस खाज सुटल्याचे सांगू शकत नाही. भूलतज्ज्ञांना आधी कळवले तर थिएटर उबदार ठेवणे, सलाइन कोमट करणे, अंगावर गरम ब्लँकेट घालणे अवघड नाही. काही हृदय शस्त्रक्रियांत शरीराचे तापमान मुद्दाम उतरवतात. तिथे तर ही माहिती अत्यंत महत्त्वाची. दाताच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण ते नस तपासताना गार फवारा वापरतात. चामखीळ गोठवून काढणे टाळा. पाय मुरगळल्यावर बर्फ शेकू नका. लसी फ्रिजमध्ये ठेवलेल्या असल्या तरी टोचलेल्या जागी फार तर छोटी गांध उठते, त्यासाठी लस चुकवण्याचे कारण नाही.

हे कधी जाणार?

हा आजार बहुधा तरुण वयात सुरू होतो आणि बऱ्याच जणांचा काही वर्षांनी आपोआप कमी होतो किंवा जातो. कोणाचा एक-दोन वर्षांत, अनेकांचा पाच-सहा वर्षांत, काहींचा दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो. गोळ्या बंद करून पाहण्याची वेळ डॉक्टर ठरवतील आणि आजार गेला का हे बर्फाच्या खड्याने पुन्हा तपासतील. सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची चाचणी चौथ्या वर्षी निगेटिव्ह आली. विहिरीवर तो अजून जातो, काठावर बसतो. पाण्यात कधी उतरायचे ते आम्ही पुढच्या तपासणीनंतर ठरवणार आहोत.